कट्टा २५ किलोचाच, पण कमरेला किती?



गोडाऊनच्या व्हिडिओनंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला : “सर, आमच्याकडे पाठदुखीमुळे माणसं टिकत नाहीत, काय करायचं?” व्हिडिओत आकडेमोड दाखवायला वेळ नव्हता. म्हणून ती इथे सविस्तर लिहितोय. वाचताना कॅलक्युलेटर आणि मोजायची टेप जवळ ठेवा. आज एवढंच भांडवल लागणार आहे.

पण आधी माझी गोष्ट. ही मी कॅमेऱ्यासमोर कधी सांगितलेली नाही.

ट्रेनिंगच्या क्षेत्रात येण्याआधी माझं तांदूळ आणि पशुखाद्याचं होलसेल दुकान होतं. आमच्याकडे एक मामा होते, वय ४४. नऊ वर्षं माझ्याकडेच कामाला. अंगाने काटक, कधी खाडा नाही. एका दुपारी गाडी खाली होत होती. शेवटचे वीस-पंचवीस कट्टे राहिले होते. मामा खाली वाकले, कट्टा उचलला, थप्पीकडे वळले आणि तसेच खाली बसले. मी गल्ल्यावरून ओरडलो, “अहो मामा, नीट उचलत जा की!”

मणक्यातली गादी सरकली होती. तीन महिने अंथरुणावर. दवाखान्याचं बिल मी भरलं, दोन महिन्यांचा पगार दिला आणि मनात म्हटलं, आपण आपलं कर्तव्य केलं. मामा पुन्हा हमालीला आले नाहीत, येऊच शकले नाहीत.

काही वर्षांनी मी आज सांगणार आहे ती पद्धत शिकलो. जुनं गोडाऊन डोळ्यांसमोर आणलं आणि गणित मांडलं. उत्तर बघून बराच वेळ गप्प बसलो. त्या दिवशी मामांनी काहीही चुकीचं केलं नव्हतं. काम लावलंच तसं होतं, आणि ते लावणारा मी होतो.

वजन म्हणजे भार नव्हे

आपण धंदेवाले लोक मालाचं वजन बघतो. कट्टा २५ किलोचा, पोतं ५० किलोचं, डबा १५ किलोचा. बस्स, एवढंच डोक्यात असतं. एके काळी आपल्या बाजारात १०० किलोचं पोतं सर्रास पाठीवर चढायचं, त्यामुळे २५ किलो म्हणजे “हलकाच माल” असं वाटतं.

आता एक प्रयोग करा. दोन लिटरची पाण्याची भरलेली बाटली छातीशी धरा. मग तीच हात सरळ करून समोर धरा. वजन तेच, पण दुसऱ्या वेळी अर्ध्या मिनिटात खांदा बोलायला लागतो. कमरेचंही तसंच असतं. पाठीचे स्नायू कण्याच्या मागे साधारण ५ सेंटिमीटरवरून ओढतात. तुम्ही माल कण्यापासून ५० सेंटिमीटर पुढे धरलात, तर अंतर दहापट झालं. म्हणजे २५ किलोचा कट्टा तोलायला स्नायूंना २५० किलोच्या आसपास ओढ लावावी लागते. वाकलेल्या धडाचं वजन तर यात धरलेलंच नाही. ही सगळी ओढ मणक्यांमधल्या गादीवर दाब म्हणून येते.

म्हणून पहिला धडा असा : गोणीवर छापलेला आकडा आणि कमरेवर येणारा भार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कायद्यालाही हे जुन्या काळापासून ठाऊक आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ३४ चा अर्थ असा होता की, इजा होण्याची शक्यता असेल इतकं जड ओझं कुणालाही उचलायला, वाहायला किंवा हलवायला लावू नये. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने एकट्याने वाहायच्या ओझ्यासाठी ५५ किलोचा आकडा आहे. पण या आकड्याखाली माल असला म्हणजे काम सुरक्षित झालं, असं अजिबात नाही. माझा कट्टा तर त्याच्या निम्म्याहूनही कमी होता.

टेप घ्या, सहा गोष्टी मोजा

अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षिततेवर संशोधन करणारी ‘नायॉश’ नावाची सरकारी संस्था आहे. तिने उचलण्याच्या कामासाठी एक सूत्र तयार केलं आणि १९९१ मध्ये ते सुधारलं. त्याची कल्पना सोपी आहे. सगळं काही उत्तम असेल, म्हणजे माल अंगालगत, कमरेच्या उंचीला, पकडायला चांगला आणि क्वचितच उचलायचा, तर मर्यादा २३ किलो. मग परिस्थिती जितकी बिघडेल, तितका हा आकडा कापत जायचा. दुकानदाराला समजेल असं सांगायचं तर २३ किलो ही एमआरपी, आणि पुढे सहा वेळा कटती.

माझ्या जुन्या गोडाऊनचाच हिशोब मांडू. गाडीत ४०० कट्टे, म्हणजे १० टन माल. दोघं जण पाठीवरून आणून कट्टे फरशीवर टाकायचे आणि दुसरे दोघं थप्पी लावायचे. मामा थप्पीवर. त्यांच्या वाट्याला २०० कट्टे, मिनिटाला साधारण तीन. म्हणजे तासाच्या थोडं वर काम.

पहिली कटती, अंगापासूनचं अंतर. दोन्ही घोट्यांच्या मधल्या बिंदूपासून हातांच्या पकडीपर्यंत आडवं मोजा. फरशीवरचा कट्टा उचलताना हे ४० सेंटिमीटर भरतं. २५ ला ४० ने भागा : ०.६२५. आता २३ चे झाले १४.४ किलो. बघा, एकाच फटक्यात साडेआठ किलो गेले!

दुसरी कटती, सुरुवातीची उंची. उत्तम उंची ७५ सेंटिमीटर. त्यापासून जितकं वर किंवा खाली, तितक्या प्रत्येक सेंटिमीटरला ०.००३ कमी. फरशीवरच्या कट्ट्याला हात १५ सेंटिमीटरवर, फरक ६०. गुणक ०.८२. राहिले ११.८ किलो.

तिसरी कटती, किती उंच न्यायचं. थप्पी नऊ थरांची होती. वरच्या थराला हात १२० सेंटिमीटरवर जायचा, म्हणजे १०५ सेंटिमीटरचा प्रवास. ४.५ ला १०५ ने भागून त्यात ०.८२ मिळवा : ०.८६. राहिले १०.२.

चौथी कटती, अंगाचा पीळ. कट्टे बाजूला पडलेले आणि थप्पी समोर, त्यामुळे पाय न हलवता कंबर वळायची, साधारण ४५ अंश. प्रत्येक अंशाला ०.००३२ कमी. गुणक ०.८५६. राहिले ८.७.

पाचवी कटती, वेग आणि वेळ. याचा तयार तक्ता आहे. एक ते दोन तासांच्या कामात मिनिटाला एकदा उचललं तर ०.८८, तीनदा उचललं तर ०.७९, पाचदा उचललं तर ०.६०. आपले तीन. राहिले ६.९.

सहावी कटती, पकड. गोणीला कान नाहीत, मूठ नाही, मध्येच ढिली पडते. ही ‘वाईट पकड’, गुणक ०.९०. शेवटी उरले ६.२ किलो.

मित्रांनो, त्या जागी, त्या पद्धतीने, त्या वेगाने उचलायला योग्य वजन होतं सव्वासहा किलोच्या आत, आणि मामा उचलत होते २५. आता २५ ला ६.२ ने भागा. उत्तर चार. याला उचल-निर्देशांक म्हणू. एकच्या आत असेल तर बहुतेक धडधाकट माणसांना काम झेपेल असं समजतात. एकच्या वर धोका वाढत जातो. तीनच्या वर गेला तर बऱ्याच जणांना इजेची मोठी शक्यता, म्हणजे काम बदलायलाच हवं. माझ्या गोडाऊनमध्ये तो चार होता. नऊ वर्षं.

एक लक्षात ठेवा, ही २३ किलोची सुरुवात अमेरिकेत ठरलेली आहे. आपल्याकडचा माणूस अंगाने लहान असेल, उपाशीपोटी कामावर आला असेल, वय झालेलं असेल. म्हणून सूत्राचं उत्तर सवलत समजू नका. ती वरची हद्द समजा.

कॅलक्युलेटर नको असेल तर

ब्रिटनच्या आरोग्य आणि सुरक्षा कार्यकारी संस्थेचा एक सोपा तक्ता आहे. उचलण्याचं काम अधूनमधूनच असेल, तर तो चाळणीसारखा वापरता येतो. पुरुषाने कमरेच्या उंचीला अंगालगत धरलं तर २५ किलो, हात लांब करून धरलं तर १५. जमिनीलगत, अंगाजवळ १० आणि हात लांब असतील तर फक्त ५. खांद्याच्या वर, अंगाजवळ १० आणि लांब ५. स्त्रियांसाठी कमरेला अंगालगत १६, जमिनीलगत अंगाजवळ ७ किलो.

मसाला, पापड, बेकरी अशा युनिटमध्ये ताया दिवसभर जमिनीवरून पातेली, परातीची चळत, पिठाची गोणी उचलतात. त्या युनिटच्या मालकांनी हा सात किलोचा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा. माल या आकड्यांच्या आत असेल तर ठीक. बाहेर असेल किंवा वारंवार उचलायचा असेल तर वरचं सविस्तर गणित करा.

पाठीवर वाहायचं असेल तर नाडी बघा

नायॉशचं सूत्र दोन हातांनी, उभं राहून उचलण्यासाठी आहे. डोक्यावर-पाठीवर वाहणं, हातगाडी ढकलणं, एका हाताने उचलणं, बसून उचलणं, निसरड्या जागेवरचं काम या गोष्टींना ते लागू होत नाही. मग आमच्या हमालांचं काय, असं तुम्ही विचाराल. तिथे माल मोजून भागत नाही. माणसाच्या शरीरालाच विचारावं लागतं.

जड काम करताना हृदयाचे ठोके वाढतात. दिवसभराच्या कामात ते किती वाढलेले चालतात याचा एक ढोबळ नियम आहे. २२० मधून वय वजा करा, हा कमाल ठोक्यांचा अंदाज. त्यातून बसल्या वेळचे ठोके वजा करा. जो फरक येईल त्याच्या ३० टक्के वाढ आठ तासांच्या सरासरीला पुरे. उदाहरण घ्या : वय ४०, बसून नाडी ७०. कमाल १८०, फरक ११०, त्याचे ३० टक्के ३३. म्हणजे सरासरी १०३ च्या वर जात असेल, तर ते काम त्या माणसाला दिवसभर झेपणारं नाही.

दुसरी खूण त्याहून सोपी. काम थांबवून माणसाला बसवा. पहिल्या मिनिटाच्या शेवटी नाडी मोजा, तिसऱ्या मिनिटाच्या शेवटी पुन्हा मोजा. पहिली ११० च्या आत असावी आणि तिसऱ्या मिनिटापर्यंत निदान १० ने उतरलेली असावी. उतरत नसेल तर शरीर कर्ज काढून काम करतंय. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या गोडाऊनमध्ये हे हमखास दिसेल, कारण अंग थंड ठेवण्यासाठीही हृदयालाच पळावं लागतं. तीच गाडी, तीच माणसं, पण दुपारी दोनऐवजी सकाळी सातला खाली केली तर काम हलकं होतं.

तिसरी गोष्ट म्हणजे विचारा. शून्य ते दहामध्ये आज किती जड गेलं? स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी श्रम मोजायला अशीच मोजपट्टी तयार केली आणि ती आज जगभर वापरतात. फक्त हा प्रश्न मुकादमासमोर विचारू नका. सगळे “काही नाही शेठ, दोन” म्हणतील. एकट्याला, चहा घेताना विचारा. आणि दुसरा प्रश्न जोडा : सकाळी उठताना कुठे दुखतं?

पट्टा आणि प्रवचन

मामांच्या प्रकरणानंतर मी दोन गोष्टी केल्या होत्या. सगळ्यांना कंबरपट्टे आणले, आणि “पाठ ताठ, गुडघे वाका” असा कागद भिंतीवर लावला. दोन्हींचा उपयोग झाला नाही. निरोगी माणसाला पट्टा बांधून इजा टळते, याला पुरेसा पुरावा नाही, असं नायॉशने १९९४ मध्येच सांगितलं होतं. उलट पट्टा बांधल्यावर माणसाला उगाच जोर येतो. नुसतं उचलायला शिकवून पाठदुखी कमी होते, हेही संशोधनात टिकलेलं नाही. कारण उघड आहे. मिनिटाला तीन कट्टे फरशीवरून उचलायचे असतील, तर दोनशे वेळा गुडघे कोण वाकवेल? जागा वाकायला लावते, म्हणून माणूस वाकतो. बदलायची ती जागा.

तेच गणित, नवी मांडणी

आता तोच २५ किलोचा कट्टा घ्या. वजन एक ग्रॅमही कमी करू नका. फक्त मांडणी बदला.

जुनी लाकडी पॅलेट चारवर एक रचा. वाहणारे कट्टा फरशीऐवजी या ओट्यावर टाकतील. हात आता ७० सेंटिमीटरवर. ओट्याला खेटून उभं राहता येतं, त्यामुळे अंतर ४० चं ३० झालं. ओटा थप्पीसमोर नको, दोन पावलं लांब ठेवा, म्हणजे कंबर न वळता पाय वळतील. थप्पीचा पाया पॅलेटवर आणि थर नऊऐवजी पाच. हात १०० च्या वर जात नाही. गाडी दोन टप्प्यांत : ३३ मिनिटं थप्पी, मग ४० मिनिटं बिल जुळवणं, फाटक्या गोण्या वेगळ्या करणं, चहा. थोड्या वेळाच्या कामानंतर त्याच्या १.२ पट वेळ हलकं काम मिळालं, तर तक्त्यातला वेगाचा गुणक ०.७९ वरून ०.८८ होतो.

मांडा गणित : २३ गुणिले ०.८३, गुणिले ०.९८५, गुणिले ०.९७, पीळ नाही म्हणून १, गुणिले ०.८८, गुणिले ०.९०. उत्तर साडेचौदा किलो. निर्देशांक ४ वरून १.७ वर आला!

अजून तो एकच्या वर आहे, हे मी लपवत नाही. पुढची पायरी म्हणजे कट्टा हाताने उचलणंच कमी करणं. हाताने ओढायचा पॅलेट ट्रक, खाली-वर होणारं टेबल, पुरवठादाराकडून पॅलेटवर माल मागवणं. पण चारवरून पावणेदोनवर यायला मला मशीन लागलं नसतं. जुनी पॅलेट आणि थोडी अक्कल पुरली असती.

एक खर्च मात्र खरा आहे : जागा. नऊ थरांची थप्पी पाचवर आणली तर जवळपास दुप्पट फरशी लागते. त्यावर उपाय तुम्हाला माहीत आहे, स्टॉकच्या व्हिडिओत सांगितलाय. सहा महिने न हललेला माल काढा. बऱ्याच गोडाऊनमध्ये फरशी कमी नसते, ती न खपणाऱ्या मालाखाली दबलेली असते.

हमालीच्या दराला हात लावू नका

आता सगळ्यात नाजूक मुद्दा. ट्रॉली आणली तर कामगारच ती कोपऱ्यात उभी करून ठेवतात, अशी तक्रार मी बऱ्याच मालकांकडून ऐकतो. “यांनाच नको असतं सर.” नाही मित्रांनो. त्यांना एक अनुभव असतो : काम सोपं झालं की शेठ दर कापतो. नगावर हमाली असेल तर विश्रांती म्हणजे बुडालेली मजुरी, आणि ट्रॉली म्हणजे कमी होणारा दर. मग माणूस कंबर विकून मजुरी वाचवतो.

आपल्या महाराष्ट्रात हमाल आणि माथाडी यांना मजुरीची शाश्वती, भविष्यनिर्वाह निधी अशा गोष्टी मिळाव्यात म्हणून १९६९ साली खास माथाडी कायदा झाला. त्यामागे अण्णासाहेब पाटलांसारख्यांची चळवळ होती. पुण्यात बाबा आढावांनी हमालांना संघटित केलं. या लढ्यांतून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे : ओझं हा फक्त शरीराचा प्रश्न नसतो, तो रोजच्या मजुरीचाही असतो. म्हणून बदल करण्याआधी टोळीला बसवून स्पष्ट सांगा, “दर तोच राहील. विश्रांतीचा वेळ धरूनच गाडीचा हिशोब होईल.” आणि ओटा कुठे ठेवायचा हे त्यांनाच विचारा. कुठला कोपरा कमरेला लागतो, हे त्यांना तुमच्याआधी माहीत असतं.

काही जण म्हणतील, सर, धंदा छोटा आहे, हे मोठ्या कंपन्यांचं काम. मग हिशोबच बघा. कामावर झालेल्या इजेची भरपाई मालकाने द्यायची, हे तत्त्व आपल्या कायद्यात १९२३ पासून आहे. शिवाय अनुभवी माणूस जातो, नवा माणूस हळू काम करतो, गाडी अडकते, ड्रायव्हर कटकट करतो. मोठी कंपनी हे सोसते. चार माणसांच्या दुकानात एक माणूस बसला तर पाव धंदा बसतो.

या आठवड्याचं काम

एकच करा. तुमच्याकडचं सगळ्यात वाईट उचलणं शोधा. बहुतेक वेळा ते फरशीवरून किंवा डोक्याच्या वर असतं. मोबाइलवर दहा मिनिटं त्याचं शूटिंग करा, पण आधी त्या माणसाला कारण सांगून परवानगी घ्या. मग टेप लावून सहा आकडे लिहा : अंतर, उंची, प्रवास, पीळ, वेग, पकड. गुणाकार करा. उत्तर तीनच्या वर आलं तर त्याच दिवशी एक तरी आकडा बदला. कुठला ते ठरवता येत नसेल तर पहिला घ्या, अंगापासूनचं अंतर. सगळ्यात मोठी कटती बहुतेक तिथेच असते.

मामा आता गावी असतात. मुलाने छोटं किराणा दुकान टाकलंय, तिथे बसतात. मागच्या दिवाळीत भेटायला गेलो. दुकानात तांदळाचे कट्टे एका जुन्या लाकडी बाकावर लावलेले होते, फरशीपासून हातभर वर. मी विचारलं, “मामा, हे कुणी सांगितलं?”

म्हणाले, “सांगायला कशाला पाहिजे? पोराची कंबर आहे ती.”

माझ्या दुकानात नऊ वर्षं होते. त्यांना मी एकदाही विचारलं नव्हतं.